पहिली रेघ पाण्याची

पावसाळा जवळ आला की या सदराच्या टपालात प्लॉट, उतार आणि ओढे यांविषयीची पत्रे हमखास वाढतात. या खेपेस त्यांतील पाच निवडली आहेत. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार वगळली आहेत.

प्रश्न : आम्हा तिघा भावांची मुळशी तालुक्यात, पौड रस्त्यापासून थोडी आत, वडिलोपार्जित जमीन आहे. मधून वाहणाऱ्या ओढ्याचे पात्र वगळता ती साडेतीन एकर भरते. बिनशेती करून प्लॉट पाडायचे ठरले आहे. ज्यांना काम दिले त्यांनी पहिल्याच आराखड्यात अडीच गुंठ्यांचे ३८ प्लॉट बसवून दाखवले. त्यासाठी जमीन जेसीबीने सपाट करायची, ओढा ९०० मिलिमीटर व्यासाच्या पाईपात घालायचा आणि जुनी विहीर बुजवायची असे त्यांचे म्हणणे आहे. विहिरीच्या काठी आजोबांच्या वेळचा उंबर आहे. ओढा उघडा ठेवला तर सहा-सात प्लॉट हातचे जातील, असे थोरले बंधू म्हणतात. मला आणि धाकट्याला ते पटत नाही, पण उत्तरही देता येत नाही. काही मार्ग आहे का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : तुम्हाला मिळालेला आराखडा उलट्या टोकाकडून काढलेला आहे. एकूण क्षेत्रातून रस्ता वजा केला, उरलेल्याला अडीच गुंठ्यांनी भागले, आलेल्या चौकोनांची जाळी जमिनीवर पसरली आणि मग त्या जाळीखाली जे काही आले ते अडथळा ठरले. आपल्याकडे बहुतेक ले-आउट असेच निघतात, कारण मोजणीच्या नकाशावर फक्त हद्दी असतात. उंची-सखलपणा, झाड, झरा, कातळ यांतले काहीच त्यावर नसते, आणि जे कागदावर नाही ते काढणाऱ्याला दिसत नाही.

तेव्हा पहिले काम म्हणजे टोटल स्टेशनने (मोजणीच्या इलेक्ट्रॉनिक यंत्राने) सर्वेक्षण करवून अर्ध्या मीटरच्या समोच्च रेषांचा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा, नकाशा घ्या. त्यात प्रत्येक मोठे झाड, त्याच्या पानोळ्याचा (फांद्या-पानांच्या विस्ताराचा) घेर, विहीर, उघडा कातळ आणि ओढ्याला मिळणारे लहान ओघळ दाखवायला सांगा. या कामाचा खर्च तुमच्या पाईपाच्या खर्चापुढे किरकोळ असतो. दुसरे काम तुम्हा भावांनाच करावे लागेल. पहिला दमदार पाऊस सुरू असताना छत्री आणि फक्कीची पिशवी घेऊन जमिनीवर जा, पाणी कोठून येते आणि कोठे थबकते ते पाहा, आणि उघडीप मिळताच त्या जागा आखून ठेवा. जानेवारीपर्यंत गवत हिरवे राहणारी पट्टी कोणती, हे तुमच्या शेजारच्या शेतकऱ्याला विचारले तर तो नकाशा न पाहता सांगेल. आपल्या बेसाल्टच्या प्रदेशात पाणी वरच्या झिजलेल्या, भेगाळ थरातून मुरते, खालच्या घट्ट पाषाणावर अडते आणि उताराच्या बाजूने सरकत जाऊन जेथे तो थर उघडा पडतो तेथे झऱ्यासारखे बाहेर येते. विहीर आणि उंबर एकाच ठिकाणी असणे हा योगायोग नसतो. तेथे बुजवलेली विहीर पुढे कोणाच्या तरी तळघरात ओलीच्या रूपाने उगवते.

आता पाईपाविषयी. एका तासात ५० मिलिमीटर पाऊस पडला, तर एक हेक्टरवर पाच लाख लिटर पाणी पडते. दहा हजार लिटरच्या टँकरच्या हिशेबात ते पन्नास टँकर होतात. त्यातले निम्मे मुरले असे धरले तरी तुमच्या वरच्या डोंगराचे जेवढे हेक्टर या ओढ्याला येतात, तेवढ्यांनी उरलेले पंचवीस टँकर गुणून पाहा. ९०० मिलिमीटरचा पाईप चांगल्या उतारावर कागदावर कदाचित पुरेलही. पण कागदावरच्या पाईपाच्या तोंडाशी बाभळीची फांदी, प्लॅस्टिकची पोती आणि वाहून आलेला मुरूम कधी अडकत नाही. उघडा ओढा पाणी वाढले की रुंद होतो आणि पाईपाला ते जमत नाही.

हे मी पुस्तकातून सांगत नाही. नोकरीच्या तिसऱ्या की चौथ्या वर्षी शहराच्या पूर्वेला मीही असाच एक ओहोळ नकाशावरून पुसला होता. मालकाला दोन प्लॉट जास्त मिळाले आणि मला शाबासकी. तिसऱ्या पावसाळ्यात त्यातल्या एका घराच्या स्वयंपाकघरात ओट्याखालच्या फरशीच्या सांध्यातून पाणी वर येऊ लागले. गृहिणीने मला बोलावून फक्त एवढेच दाखवले की गव्हाच्या डब्याखाली तिने चार विटा ठेवल्या होत्या. तेव्हापासून माझ्या प्रत्येक कागदावर पहिली रेघ निळ्या पेन्सिलीची असते.

कायद्याची बाजूही ध्यानात घ्या. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० प्रमाणे नद्या, नाले, ओढे हे शासनाचे आहेत, त्यामुळे ओढा तुमच्या जमिनीतून वाहत असला तरी तो तुमच्या मालकीचा होत नाही. तो वळवणे किंवा झाकणे हा तुमच्या तिघांच्या बैठकीत मिटणारा विषय नाही.

थोरल्या बंधूंचा आक्षेप मात्र खोटा नाही, आणि त्याला भावनेने नव्हे तर हिशेबानेच उत्तर द्यायला हवे. साडेतीन एकर म्हणजे १४० गुंठे. रस्त्यांना साधारण २८ आणि नियमाप्रमाणे सोडायच्या दहा टक्के मोकळ्या जागेला १४ गुंठे गेले की ९८ उरतात. त्यांत अडीच गुंठ्यांचे ३८ प्लॉट, म्हणजे ९५ गुंठे, बसवले आहेत. त्याऐवजी सव्वादोन गुंठ्यांचे ३६ प्लॉट केले तर ८१ गुंठे लागतात. वाचलेले १४ गुंठे आणि मोकळ्या जागेचे १४ एकत्र केले की २८ गुंठ्यांचा सलग पट्टा हाती येतो. तुमच्या जमिनीतून ओढा अंदाजे १२० मीटर वाहतो असे पत्रासोबतच्या कच्च्या नकाशावरून दिसते. पात्राच्या दोन्ही काठांना नऊ-नऊ मीटर सोडले तर २१ गुंठे होतात, आणि उरलेल्या सातांत विहीर आणि उंबर आरामात राहतात. म्हणजे सहा-सात नव्हे, दोन प्लॉट कमी होतात. विक्रीयोग्य क्षेत्र १४ गुंठ्यांनी घटते हे खरे आहे आणि ते लपवू नये. मात्र समोरच्या बाजूला पाईप, भराव, सपाटीकरण आणि संरक्षक भिंती यांचा वाचलेला खर्च मांडा, आणि मग बंधूंसमोर दोन्ही बेरजा ठेवा. नियमावलीने ओढ्यापासून सोडायला लावलेले अंतर हे किमान असते, याचीही आठवण करून द्या.

आराखड्याचा क्रम असा धरा : आधी राखायच्या जागा, मग घरे कोठे शोभतील व टिकतील त्या जागा, मग त्यांना जोडणारा रस्ता आणि सर्वांत शेवटी प्लॉटच्या हद्दी. अमेरिकन नियोजनकार रॅन्डल अ‍ॅरेन्ट यांनी १९९० च्या दशकात हाच चार पायऱ्यांचा क्रम तेथील ले-आउटसाठी मांडला. आपल्या जुन्या गावठाणांकडे पाहिले तर तेथेही हद्द ही शेवटीच ठरलेली दिसते.

रस्ता समोच्च रेषेच्या साधारण बाजूने, किंचित तिरका चढत न्या. उताराच्या सरळ रेषेत काढलेला रस्ता पावसाळ्यात दुसरा ओढा होतो, आणि त्याच्या टोकाला ज्याचे फाटक असते त्याला ते कळते. ओढा एकाच ठिकाणी ओलांडा आणि तेथे पाईपाऐवजी चौकोनी मोरी बांधा, म्हणजे आत माणूस शिरून गाळ काढू शकेल. रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या गटाराऐवजी उथळ गवती चर ठेवा. मात्र दर दहा-पंधरा मीटरांवर त्यात दगडांची छोटी आडवी ओळ हवी, नाहीतर चर खचतो.

एक गोष्ट नकाशावर क्षुल्लक वाटते, पण ओढा जगणार की मरणार हे तीच ठरवते. घरांची पाठ ओढ्याकडे करू नका. परसदार ओढ्याकडे आले की वर्षभरात भिंतीवरून कचरा पडू लागतो. प्लॉट आणि काठ यांच्यामध्ये तीन मीटरची मुरमाची पायवाट द्या, घरांचे व्हरांडे तिकडे वळवा, आणि कुंपण कमरेपेक्षा उंच नसावे अशी अट विक्रीच्या करारातच घाला. ज्या जागेवर रोज सकाळी दहा माणसे चालतात, तेथे राडारोडा टाकायला ट्रॅक्टर येत नाही.

प्रश्न : सिंहगडाच्या पायथ्याला एका मंजूर ले-आउटमध्ये आम्ही १२ मीटर बाय १८ मीटरचा प्लॉट घेतला आहे. १८ मीटरची बाजू उताराच्या दिशेने असून उतार साधारण आठास एक आहे. ठेकेदार म्हणतात, खालच्या बाजूला भिंत उभारून भराव घालू आणि ‘टेबलासारखा’ प्लॉट करून देऊ. हे योग्य आहे का? – एक दांपत्य, धायरी

उत्तर : आठास एक म्हणजे १८ मीटरांत सव्वादोन मीटरचा फरक. तेवढा भराव म्हणजे खालच्या शेजाऱ्याच्या डोक्यावर एका माणसापेक्षा उंच मातीचा ढीग रचणे होय. ती भिंत नुसती माती नव्हे, तर पावसाळ्यात त्या मातीत साठलेले पाणीही पेलते. मागे खडीचा थर आणि भिंतीत पाणी निसटण्याची भोके ठेवली नाहीत तर दोन-तीन वर्षांत तिचे पोट सुटते. शिवाय घराचा अर्धा पाया मूळ मुरमावर आणि अर्धा भरावावर आला की दोन्हींचा खचण्याचा वेग वेगळा असतो, आणि पहिली भेग बहुधा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघते.

त्याऐवजी घराचा लांबट आकार उताराला आडवा ठेवा. समजा, घराचे उताराच्या दिशेचे माप नऊ मीटरच ठेवले, तर घराखालचा फरक एक मीटर साडेबारा सेंटिमीटर उरतो. तो दोन टप्प्यांत विभागा : प्रवेश, बैठक व स्वयंपाकघर वरच्या पातळीवर आणि झोपण्याच्या खोल्या सात पायऱ्या खाली. पंधरा सेंटिमीटरच्या सात पायऱ्यांत हा फरक जवळजवळ संपतो. खणलेला मुरूम वाया जाऊ देऊ नका, तोच अंगणात वापरा. खालच्या बाजूच्या बागेत दोन-अडीच फुटांच्या कोरड्या रचाईच्या दगडी ताली घाला. सिंहगडाच्या वाटेवरच्या भातखाचरांचे बांध पाहिलेत तर उतार कसा हाताळावा याचा नमुना फुकट मिळेल. त्या बांधांत सिमेंट नसते, म्हणूनच त्यांतून पाणी पाझरते आणि बांध उभा राहतो.

घरातल्या वृद्धांसाठी पायऱ्या अडचणीच्या ठरतील ही शंका रास्त आहे. तशी गरज असेल तर एक झोपण्याची खोली वरच्या, रस्त्याच्या पातळीवर घ्या.

आणि भिंत बांधायचीच झाली, तर वरून वाहत येणाऱ्या पाण्याचा मार्ग विचारात घ्या. वरच्या जमिनीवर पडलेले पाणी नैसर्गिकरीत्या खालच्या जमिनीवर वाहू देण्याचा वरच्या मालकाचा हक्क भारतीय सुविधाधिकार अधिनियम, १८८२ च्या कलम ७ मध्ये उदाहरण म्हणूनच दिलेला आहे. तुमच्या वरच्या शेजाऱ्याला तो हक्क तुमच्या जमिनीबाबत आहे आणि तुम्हाला तो खालच्या शेजाऱ्याच्या जमिनीबाबत आहे.

प्रश्न : ओढे, टेकड्या, झाडे राखून वसाहती करण्याचे हे खूळ परदेशातून आलेले नाही का? पेशव्यांनी शहर वसवले तेव्हा कोणी समोच्च रेषा काढल्या होत्या? – एक ज्येष्ठ वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : आपण ज्या पेठेत राहता तिचाच दाखला देतो. आंबिल ओढा पूर्वी आजच्या मध्यवस्तीतून वाहत असे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात पर्वतीच्या पायथ्याचे तळे, म्हणजे आजची सारसबाग जेथे आहे ते, करताना तो वळवण्यात आला. म्हणजे पूर्वजांनी ओढ्याला हात लावला नाही असे म्हणता येणार नाही, आणि जुने ते सर्व निसर्गाला धरून होते असे मीही मानत नाही. फरक एवढाच की त्यांनी ओढा वळवला तेव्हा त्याला दुसरे उघडे पात्र दिले. त्याच नानासाहेबांच्या काळात कात्रजला तळी बांधून तेथले पाणी नळाने शहरात आणले गेले; उतार कळल्याशिवाय ते पाणी शनिवारवाड्यापर्यंत पोहोचलेच नसते. समोच्च रेषा कागदावर नव्हती, पण ती त्यांच्या डोळ्यांत होती.

त्या वळवलेल्या पात्रालाही आपण पुढे दोन्ही बाजूंनी आवळत नेले. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याला आलेल्या पुराने काठच्या वसाहतींच्या सीमाभिंती पाडल्या आणि माणसे गेली. १९६१ चा पानशेतचा पूर धरण फुटून आला होता. २०१९ च्या त्या रात्री धरण फुटले नव्हते. पाऊस पडला होता, आणि त्याला जायला जागा उरली नव्हती.

परदेशाचे म्हणाल, तर तेथेही ही गोष्ट सहज मान्य झाली नाही. कॅलिफोर्नियातील डेव्हिस या गावी मायकेल आणि ज्युडी कॉर्बेट या दांपत्याने १९७० च्या दशकात ‘व्हिलेज होम्स’ ही वसाहत उभारली. तेथे पावसाचे पाणी जमिनीखालच्या नळांत न घालता घरांमधल्या उघड्या गवती चरांतून नेले, आणि तेथील अधिकाऱ्यांचा त्याला विरोध होता. वसाहत आजही तशीच चालू आहे. तेथला पाऊस हिवाळी आणि आपल्यापेक्षा पुष्कळ सौम्य असतो, त्यामुळे त्यांच्या चरांची मापे उचलून येथे वापरणे वेडेपणाचे होईल. कल्पना घ्यावी, माप मात्र आपल्या पावसाचे घ्यावे.

प्रश्न : आमच्या सूस येथील बंगल्यांच्या सोसायटीत मोकळ्या जागेच्या मधोमध जुना वड आहे. चार वर्षांपूर्वी त्याच्याभोवती फूटभर माती टाकून वर पेव्हर ब्लॉक बसवले. आता एका बाजूच्या फांद्या वाळत आहेत. काही सभासद म्हणतात, झाड म्हातारे झाले, काढून टाका. – सचिव

उत्तर : झाड म्हातारे झालेले नाही, त्याचा श्वास कोंडला आहे. अन्नपाणी घेणारी बारीक मुळे जमिनीच्या वरच्या दीड-दोन फुटांत असतात आणि त्यांना हवा लागते. त्यांवर फूटभर माती दाबून वर फरसबंदी केली की मुळे हळूहळू मरतात, मात्र वर त्याचा परिणाम दिसायला तीन-चार वर्षे लागतात. तोपर्यंत ठेकेदाराचे बिल चुकते झालेले असते आणि दोष वयाला जातो.

निदान पानोळ्याच्या घेरातले ब्लॉक उचला. टाकलेली माती यंत्राने नव्हे, तर फावड्याने आणि हाताने, थोडी थोडी करून, पावसाळ्याच्या सुरुवातीला काढा, म्हणजे उघडी पडलेली मुळे उन्हाने करपणार नाहीत. मूळ पातळी कोणती ते बुंध्यावरून कळते : खांबासारखा सरळ जमिनीत शिरलेला बुंधा गाडलेला असतो, खरी पातळी सापडली की तो खाली पसरट होताना दिसतो. मग त्या घेरात पालापाचोळा पडू द्या आणि झाडू मारणाऱ्या मावशींना तेवढी जागा झाडायला सांगू नका. बसायला पार हवा असेल तर तो सलग भिंतीचा आणि मातीने भरलेला नको. सुटे दगडी बाक ठेवा. पारंब्या छाटणे बंद करा, दोन-तीन जमिनीपर्यंत येऊ द्या. उताराची बाजू पाहून एखादा उथळ चर वडाकडे वळवलात, तर छपरांचे पाणीही त्याला मिळेल.

तोडण्याचा विचार करणाऱ्या सभासदांना हे वाचून दाखवा : महाराष्ट्राच्या १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार ५० वर्षे वा त्याहून अधिक वयाचे झाड हे वारसा वृक्ष मानले जाते, आणि झाड तोडण्याची परवानगी मिळालीच तर त्याच्या वयाइतकी झाडे लावावी लागतात. साठ वर्षांच्या वडाच्या बदल्यात साठ रोपे आणि त्यांची निगा. तुमच्या मोकळ्या जागेत साठ खड्डे कोठे घेणार, हे त्यांनीच नकाशावर दाखवावे.

प्रश्न : ‘निसर्गाच्या कुशीत’ अशा जाहिरातीचा, टेकडीला लागून असलेला प्लॉट पाहिला आहे. विसार देण्यापूर्वी काय तपासावे? – एक वाचक, हडपसर

उत्तर : संबंधित नियोजन प्राधिकरणाकडून त्या गट क्रमांकाचा झोन दाखला घ्या. त्यात डोंगरमाथा-डोंगरउतार विभाग किंवा जैवविविधता उद्यानाचे आरक्षण निघाले, तर पुढचे काही तपासायची गरज नाही. पाचास एक किंवा त्याहून तीव्र उतारावर बांधकाम होत नाही, तेव्हा उतार डोळ्यांनी न ठरवता मोजून घ्या : पाच पावले चालताना एक पाऊलभर चढ लागला तर सावध व्हा. जवळ नदी किंवा मोठा नाला असेल तर पूररेषांचा नकाशा पाहा; निळी रेषा २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची असते. प्रकल्प महारेराकडे, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाकडे, नोंदलेला असल्यास तेथील मंजूर नकाशा आणि विक्रेत्याने हातात दिलेला रंगीत नकाशा शेजारी ठेवून पाहा, विशेषतः रंगीत नकाशात ज्या जागेवर ‘झेन गार्डन’ लिहिले आहे तेथे मंजूर नकाशात ओढा दाखवला आहे का ते.

जागा दाखवायला गाडी पाठवतो असे विक्रेते म्हणतील. ती रविवारची गाडी नाकारा आणि जुलैतल्या एखाद्या भर पावसाच्या दिवशी स्वतःच्या वाहनाने जा. बरोबर जुने बूट असू द्या.